खळी

रात्रपाळी संपवून साडेआठला शिवडीला पोचते,
अंगाला डेटॉलचा वास, पोटऱ्यांत गोळे,
झोप मात्र अजून वॉर्डातच राहिलेली.
म्हणून मी मैदा काढते.

"खाली कोपऱ्यावर लादी मिळते की,"
हे म्हणतात, शर्टाची बटणं लावताना.
मिळते. गरम मिळते. मऊ मिळते.
त्यात माझं काय?

दूध किती कोमट, ते मनगटाच्या आतल्या अंगाला कळतं,
एक थेंब, शिरेजवळ.
पहिल्या खेपेला घाईत कढतच ओतलं,
यीस्ट जागच्या जागी गेलं,
आणि जे भाजून निघालं ते पाट्यावर ठेवलं असतं
तर वरवंट्याला भाऊ मिळाला असता.
मे महिन्यात उलट. चाळीस मिनिटांत भांड्याबाहेर,
ताडीसारखा वास, मग भस्सकन खाली.

आता जानेवारी.
मुंबईची चार दिवसांची थंडी,
लोक हौसेने स्वेटर काढतात
आणि पीठ रुसून बसतं.

मळते. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून.
मीठ आणि यीस्ट परातीच्या दोन टोकांना,
भांडलेल्या जावा पंगतीत बसवाव्यात तसे.
गोळा काट्यावर ठेवते: नऊशे चाळीस.
अजून मूठभर मैदा घालते, दुधाचा एक हबका.
किलोच्या खालचं काही
मला घरात बघवत नाही.

ओव्हन डिमेलोबाईंचा,
त्या कतारला लेकाकडे गेल्या तेव्हा घेतलेला.
दाराचं रबर गेलंय, काटा दीडशेच्या पुढे खोटं बोलतो,
पण आतला पंधरा वॅटचा दिवा लागतो.
तेवढाच लावायचा.
खाली वाटीत गरम पाणी, वर ओलं मलमल,
आणि दार उघडायचं नाही.

हे मला कोणी शिकवायला नको.
पिवळा उजेड, काचेची पेटी,
आत काहीतरी आपल्या गतीने मोठं होऊ बघतंय,
बाहेर कोणीतरी कपाळ टेकून.
काल ती चार नंबरची आई होती.
बेबी ऑफ नसीमा, आठशे दहा ग्रॅम.
नाव ठेवायची अजून हिंमत नाही.
"सिस्टर, वाढतोय ना?"
मी म्हटलं, वजन सकाळी करतात.

इथे मी स्टूल ओढून बसते.
इथे चुकलं तर फार तर ग्रिलवरचे कावळे खातात.
इथे बाहेर जाऊन
कुणाला काही सांगावं लागत नाही.

तासाभराने बोटाला कोरडं पीठ लावून दाबते.
तिथे आम्ही छातीवर बोट दाबून मोजतो,
एक, दोन, तीन,
पांढरा ठसा तीनच्या आत गुलाबी झाला
तर रक्त फिरतंय.
इथे नियम उलटा.
खळी लगेच भरली तर अजून वेळ आहे.
सावकाश भरावी, अर्धीच भरावी,
थोडी तशीच राहावी.

वर्ष झालं, तरी बोट टेकलं की ओठ मोजायला लागतात,
आणि तीनला खळी तशीच दिसली
की पोटात धस्स होतं.
मग आठवतं.
हे पीठ आहे.
पिठाचं हे बरं लक्षण आहे.

संध्याकाळी ह्यांनी धीर न धरता गरमच कापलं,
मधे किंचित गिच्च राहिलेलं, तसंच खाल्लं.
दोन जाड तुकडे पेपरात गुंडाळून मी रात्री नेले.
फिलोमिनाने मॉनिटरवरची नजर न हलवता चावा घेतला.
"मीठ कमी," म्हणाली.
आणि बऱ्याच वेळाने,
चार नंबरकडे हनुवटी करून,
"सकाळचं. आठशे बावीस."